गळती शोधायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

कोळंबीच्या तळ्यासाठी हातानं सोल्डर केलेला आमचा पीएच मीटर (पाणी किती आम्ल-अल्कली ते मोजणारा) यंदा भर पावसाळ्यातही बरोबर चालतोय. हे तुमच्यामुळे झालं, आणि ते चारचौघांत सांगावंसं वाटलं म्हणून हे जाहीर पत्र.

हवा दमट झाली की पीएच 7 च्या बफरमध्येही, म्हणजे ज्याचा पीएच ठरलेला असतो त्या द्रावणातही, रीडिंग सरकत जायचं. जो तो म्हणे, सिग्नल घेणारी आयसी (चिप) बदल, पाण्यात बुडवायचा इलेक्ट्रोड बदल. तुम्ही काहीच बदलू दिलं नाहीत. इलेक्ट्रोड काढून इनपुटची दोन टोकं थेट जोडायला, म्हणजे शॉर्ट करायला लावलंत. मिलिव्होल्टचा आकडा शून्यावर ठाम. शॉर्टच्या जागी 100 मेगाओहमचा रेझिस्टर लावला आणि आकडा हलला. म्हणजे इनपुटवर कुठून तरी करंट झिरपत होता. साध्या मल्टिमीटरला अशी गळती दिसतच नाही. वहीच्या मागच्या पानावर तुम्ही मांडलेलं गणित मी जपून ठेवलंय: 5 व्होल्टपासून 10 गिगाओहमची वाट असली तरी अर्धा नॅनोअँपिअर येतो, 100 मेगाओहमच्या इलेक्ट्रोडवर त्याचे 50 मिलिव्होल्ट होतात. 25 अंश सेल्सिअसला एक पीएच म्हणजे जेमतेम 59 मिलिव्होल्ट! एवढ्या फरकावर तळ्यात चुना टाकायचा की नाही, हे कसं ठरवणार?

मग ती स्ट्रॉ. तिच्यातून बोर्डावर जागोजाग हळूच ओलसर फुंकर मारायला सांगितलीत. आयसीच्या पिन 3 आणि 4 च्या मध्ये फुंकर गेली नि आकडा उसळला. 3 इनपुटची, 4 वर उणे 5 व्होल्ट, मध्ये सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्सचा पिवळसर थर. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) एकदा पुसलं तर फ्लक्स नुसता पसरतो, म्हणून ताज्या आयपीएनं ब्रश मारून पुन्हा धुवायचं, मग डिस्टिल्ड वॉटर, मग ड्रायरची कोमट हवा. शेवटी पिन 3 बोर्डातून उचलून, करंट झिरपू न देणाऱ्या टेफ्लॉनच्या खुंटीवर जोडायची. हे सगळं तुम्ही चिमटा माझ्या हातात देऊन करवून घेतलंत, त्याचे आभार कसे मानू?

आता नवा बोर्ड आखलाय. इनपुटभोवती गार्ड रिंग, म्हणजे तांब्याचं कडं, घेतलीय, इनपुटचंच व्होल्टेज पुढे देणाऱ्या बफर आयसीच्या आउटपुटला जोडलेली. इनपुट आणि रिंग, दोन्हीकडे व्होल्टेज जवळपास सारखंच, मग करंट वाहणार कशाला? आखणी सोबत जोडलीय. करायला देण्याआधी एकदा नजर टाकाल ना?

आपली कृतज्ञ,
कोळंबीच्या तळ्यावरची पोरगी