सर्जनला उंदरांपाशी का बसवतात

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

“ऑपरेशन येणाऱ्या डॉक्टरला दोन वर्षं उंदरांपाशी कशाला बसवता?” हा बाबांचा प्रश्न फोनवर निम्माच राहिला, म्हणून लिहिते.

इकडे अमेरिकेत शिकाऊ सर्जनांना रेसिडेन्सीच्या (हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या) मध्येच, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर, दोन वर्षं लॅबमध्ये घालवता येतात. पगार बहुधा एनआयएच या सरकारी संस्थेच्या टी-32 अनुदानातून निघतो. पुढे स्वतःचं काम उभारायला त्याच संस्थेचं के-08 अनुदान असतं. त्यात 75 टक्के वेळ संशोधनालाच द्यावा लागतो. सर्जनांना काही वेळा 50 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. हे झालं कागदावर. विभागप्रमुखाने ड्यूटीच्या तक्त्यातून नाव खरंच काढलं नसेल, तर ते अनुदान मिळून न मिळाल्यासारखंच.

सर्जनच का, तर रोगट रक्तवाहिनी ताजी असताना त्याच्याच हातात असते. पाय कापावा लागला की त्यातल्या धमनीचे तीन तुकडे करायचे: एक लगेच उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये, एक 10 टक्के फॉर्मलिनमध्ये 24 ते 48 तास, आणि एक पेशी वाढवण्यासाठी थंड द्रावणात, बर्फावर. रक्तपुरवठा किती वाजता बंद केला ते तिथेच लिहायचं. बहुतेक वेळा बिघडतं ते इथेच. ऑपरेशन संपेपर्यंत तुकडा सलाइनच्या वाटीत पडून राहतो, पेशीतला आरएनए हा नाजूक रेणू तुटतो, आणि मग लॅबमध्ये रोगाऐवजी नुसता उशीर मोजला जातो.

उंदराची महाधमनी जेमतेम एक मिलिमीटर, मिसळीवरच्या बारीक शेवेएवढी. टाके घालणं सर्जनला जमतं. जड जातं ते मोजणं. मांडीची धमनी बांधून पंजातला रक्तप्रवाह लेझर डॉपलर या यंत्राने मोजतात. उंदीर भुलीत गार पडला की आकडा आपोआप खाली येतो, म्हणून अंग 37 अंशांवर ठेवायचं. आठ उंदरांचे प्रत्येकी दहा काप पाहिले तरी नमुने आठच, ऐंशी नव्हेत. कुठल्या उंदराला औषध दिलं हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. ऑपरेशन टेबलावर झटपट निर्णय घ्यायची सवय लागलेल्या माणसाला हे फार जाचतं, पण शिकवायचं असतं ते मुख्यतः हेच.

न शिकवल्यास काय होतं? बायपाससाठी लावलेली पायाची शीर पुढच्या महिन्यांत आतून जाड होऊन बुजते. हे बुजणं रोखणारं एडिफोलिगाइड नावाचं औषध प्राण्यांत चाललं होतं. 2006 साली 1404 रुग्णांवरच्या प्रिव्हेंट-3 चाचणीचा निकाल छापून आला: बुजणं थांबलं नाही. लॅबमधला उंदीर तरुण, निरोगी, आणि त्याची धमनी एका दिवसात बांधलेली. माणूस साठीपुढचा, मधुमेही, तंबाखूवाला, आणि धमनी वीस-तीस वर्षं हळूहळू तुंबत आलेली. हा फरक ज्याने रोज ओपीडीत पाहिलाय, तो प्रयोग मांडतानाच विचारतो की म्हातारे उंदीर का नाही घेतले, माद्या का नाही घेतल्या. मला विचाराल तर दोन वर्षांचा खर्च एवढ्या एका प्रश्नात वसूल होतो.

आता बाबांपुरतं. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, हे उत्तर 0.9 च्या खाली असेल तर पायाची धमनी तुंबलेली. पण मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, पट्ट्याने ती दबतच नाही, मग आकडा फुगतो आणि रिपोर्ट चांगला भासतो. (भिंतीतली स्नायूपेशी हाडाच्या पेशीसारखी का वागू लागते, यावर इथे काही सर्जन काम करताहेत.) तुमचा आकडा 1.4 च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

अंबाबाईला भर दुपारी जाऊ नका. तापलेल्या फरशीवर फोड आला तरी मधुमेहाने सुन्न झालेल्या तळव्याला कळत नाही. सकाळीच जा, आणि आई, रात्री त्यांच्या बोटांच्या बेचक्या तू स्वतः बघ, ते “काही नाही” म्हणाले तरी.

तुमची,
मनू