सनद मिळाली, आता बारची सभासद हो

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, बारचं सभासदत्व आत्ताच घ्यायला हवं का? सिनिअरच्या ऑफिसात काम शिकतेच आहे. बाररूममध्ये चहा आणि राजकारण, दुसरं काय?" कोर्टात बोर्डाची, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीची, वेळ झाली होती म्हणून तेव्हा नुसतं "घे" म्हणाले. का घे, ते आज लिहिते.

बार कौन्सिल आणि बार असोसिएशन यांतला फरक तुला सांगायला नको. कौन्सिल १९६१ च्या कायद्यानं झालेली. तिच्याकडून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळते आणि वर्तन चुकलं तर कारवाईही तीच करते. असोसिएशन आपण वकिलांनी आपल्यासाठी चालवायची. कुणी सक्ती करत नाही, आणि म्हणूनच नवी मुलं ती पुढे ढकलत राहतात. सनदेच्या फीबाबत तुम्ही नशीबवान. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती १२५ रुपयेच. तुझ्या आधीच्या मुलांनी यासाठी हजारांनी मोजले आहेत. मग बारच्या वर्गणीला कां कूं करू नकोस.

बार कशासाठी, हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते १ जुलै २०२४ च्या आसपास. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम हे तीन नवे फौजदारी कायदे जुन्यांच्या जागी एकाच दिवशी लागू झाले. ज्यांच्या जिभेवर तीस-तीस वर्षं ३०२ आणि ४२० होतं, त्यांना १०३ आणि ३१८ म्हणायचं होतं. अटकपूर्व जामिनाचा अर्ज ४३८ खाली जायचा, तो आता ४८२ खाली. आणि जुनं ४८२, म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते ५२८ मध्ये गेलं. हा गोंधळ तर कितीतरी दिवस चालला. शिवाय जुने खटले जुन्याच कायद्यानं चालणार, त्यामुळे दोन्ही डोक्यात ठेवायचे. एकट्यानं घरी बसून हे वाचणं शक्य होतं, पण वाचलेलं बरोबर कळलं का, ते कोण सांगणार? आपल्या बारनं तेव्हा शुक्रवारी कोर्ट सुटल्यावर अभ्यासवर्ग सुरू केला. ज्यानं जो भाग वाचला त्यानं तो इतरांना सांगायचा, एवढाच नियम. कधी न्यायाधीश साहेब येऊन बसायचे, कधी सरकारी वकील.

त्यातला एक वर्ग तुला सांगायलाच हवा. विषय होता इलेक्ट्रॉनिक पुरावा. जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आलं आहे, आणि प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला आहे. भाग अ पक्षकारानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेली तिची ओळखखूण, लिहायची असते, आणि बारमध्ये निम्म्यांना ती काय चीज आहे ते माहीत नव्हतं. तुझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा असलेला एक मुलगा लॅपटॉप घेऊन उभा राहिला. त्यानं मोबाइलवरच्या एका आवाजाच्या क्लिपची एसएचए-२५६ या पद्धतीनं हॅश काढली. पडद्यावर आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळ आली. मग क्लिपची नक्कल करून पुन्हा काढली. ओळ जशीच्या तशी. मग क्लिपच्या शेवटचा एकच सेकंद कापला आणि परत काढली. अख्खी ओळ बदलली, आधीच्या ओळीशी काही मेळ लागेना. पहिल्या बाकावर सत्तरी ओलांडलेले आपले सगळ्यात ज्येष्ठ फौजदारी वकील बसले होते. ते उठून लॅपटॉपजवळ गेले आणि म्हणाले, "पुन्हा कर, आता मधला सेकंद काप." त्यानं केलं. त्यांनी खिशातून डायरी काढून टिपून घेतलं आणि त्या मुलाला विचारलं, "मग तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासात पहिला प्रश्न काय विचारायचा?" तिथून पुढचा तासभर वर्ग रंगला. जप्ती पंचनाम्याच्या वेळी हॅश नोंदवली होती का, कुणी नोंदवली, पेन ड्राइव्ह सील कधी झाला. तंत्र मुलानं शिकवलं, प्रश्न विचारायची पद्धत ज्येष्ठांनी. हे कुठल्या एका ऑफिसात मिळेल, सांग बरं? तुझे सिनिअर कितीही विद्वान असोत, ते एकाच पद्धतीनं काम करतात. बारमध्ये शंभर पद्धती बघायला मिळतात.

आणि त्यातली सगळ्यात मोलाची, समोरच्या वकिलाची. आपल्या धंद्यात ज्याच्याशी सकाळी भांडायचं त्याच्याच शेजारी दुपारी डबा उघडायचा असतो. बाहेरच्यांना हे मिलीभगत वाटतं, पक्षकारालाही वाटतं, आणि त्याला ते नीट समजावून सांगणं हाही तुझ्या कामाचा भाग आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्याकडच्या एका नव्या मुलाचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, ज्याला आपण निशाणी ५ म्हणतो, फेटाळला गेला. शेतातल्या वहिवाटीचा वाद होता. दाव्यात गट नंबर होता, क्षेत्र होतं, पण वादाची पट्टी नेमकी कोणती ते चतुःसीमेवरून कळत नव्हतं. दाव्याचा पुढे निकाल लागला, अपिलाची मुदतही गेली. मग त्याच प्रकरणात समोर असलेल्या वकीलबाईंनी त्या मुलाला बाररूममध्ये बोलावून घेतलं आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७ नियम ३ उघडून समोर ठेवला. स्थावर मिळकतीचं वर्णन ओळख पटेल असं हवं. मोजणीचा नकाशा आधी काढ, तो जोड, गरज पडली तर आदेश २६ नियम ९ खाली जागा पाहून अहवाल देणारा कोर्ट कमिशनर माग. प्रकरण चालू असताना त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि बोलायलाही नको होतं, कारण त्या त्यांच्या अशिलाला बांधलेल्या होत्या. केव्हा गप्प राहायचं आणि केव्हा शिकवायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. असे लोक भेटतात ते बारमध्ये.

धंद्याच्या रीतीही तिथेच अंगवळणी पडतात. दुसऱ्याचं वकीलपत्र असेल तर त्याची ना हरकत घेतल्याशिवाय आपलं दाखल करायचं नाही. समोरच्या पक्षकाराशी त्याच्या वकिलाला डावलून तडजोडीची बोलणी करायची नाहीत. दोन्ही गोष्टी बार कौन्सिलच्या नियमांत छापलेल्या आहेत, परीक्षेला तू पाठही केल्या असशील. पण एखादा गोड बोलणारा पक्षकार तुझ्या टेबलापाशी येऊन "मॅडम, जुन्या वकिलांना कशाला सांगता" म्हणेल, तेव्हा पाठांतर पुरत नाही. चार ज्येष्ठांच्या नजरेसमोर वावरायची सवय असेल तर त्या क्षणी पाय घसरत नाही.

तू कोल्हापुरात, सर्किट बेंचवर काम करणार आहेस, म्हणून एक मुद्दाम लिहिते. सीपीआर रुग्णालयासमोरच्या ज्या जुन्या इमारतीत तू रोज जातेस, तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं तेव्हा तू कॉलेजातून धावत गेली होतीस. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या बार असोसिएशननी चाळीसहून अधिक वर्षं ही मागणी लावून धरली होती. ठराव, मोर्चे, शिष्टमंडळं, उपोषणं, सगळं झालं. जामिनाच्या एका अर्जासाठी पावणेचारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जायचं, राहायचं आणि बोर्डावर मॅटर न निघाल्यामुळे परत यायचं, हे ज्यांच्या अशिलांनी सोसलं त्यांनीच हा रेटा लावला. कुणा एका मोठ्या वकिलाच्या वजनानं हे झालेलं नाही. ज्यांनी आयुष्यभर वर्गणी भरली, सभांना सतरंजीवर बसले आणि बेंच बघायच्या आधी गेले, अशा माणसांची त्यात मोठी संख्या आहे. आज तिथं तुझ्यासारख्या मुलीला घरचं जेवण जेवून हायकोर्टाची वकिली करता येते. बारमध्ये नुसतं राजकारण चालतं म्हणणाऱ्यांना हे सांग.

मात्र त्याच लढ्यातली एक गोष्ट मला कधी पटली नाही, तीही सांगते. कामकाजापासून अलिप्त राहण्याची. २००२ मध्ये हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आहे, की वकिलांना संपाचा अधिकार नाही. मागणी रास्त होती, तिच्यासाठी मी रस्त्यावर बसले. पण कोर्टाच्या व्हरांड्यात एसटीनं आलेली, पोटगीची तारीख हातात घेतलेली बाई "आज काम नाही" ऐकून परत जाते, तिचा त्या मागणीशी काय संबंध? तुझ्या वेळी असा ठराव येईल तेव्हा सभेला जा, उभी राहा आणि तुझं मत मांड. सभेला न जाता घरी बसून नावं ठेवणाऱ्यांचा मला फार राग येतो.

पैशाचं बोलायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढून ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारसच ती, किती जण देतात ते तू बघतेच आहेस. गावातून आलेली, वडिलांची शेती एकरभर असलेली हुशार मुलं या एका कारणानं वकिली सोडून बँकेच्या परीक्षेला बसतात, आणि माझ्या मते आज आपल्या व्यवसायाचं याहून मोठं नुकसान दुसरं नाही. हा विषय ज्युनिअर मुलांनी एकेकट्यानं सिनिअरपुढे काढला तर तोंडघशी पडतील. बारच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. कोरोनात, मार्च २०२० नंतर कोर्टं जवळजवळ बंद झाली, तेव्हा आपल्या बारनं नव्या मुलांच्या घरी महिन्याचा किराणा पोचवला होता. यादी फक्त सचिव आणि खजिनदारांकडे होती. आजही ती नावं कुणाला माहीत नाहीत. सनद असलेल्याला दुसरा धंदा करायची मुभा नसते, मग अशा वेळी त्यानं जायचं कुठं? वकीलपत्रावर वकील कल्याण निधीचा स्टॅम्प लावायला विसरू नकोस म्हणते ते याचसाठी. १९८१ च्या कायद्यानं उभा केलेला तो निधी आपलाच आहे.

तुझा न्यायाधीश होण्याचा विचार मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, यावर तू चिडली होतीस. मला तो निकाल योग्य वाटतो. ही तीन वर्षं नुसती, दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाकडून तुझ्या वकिलीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत काढायची नाहीत. त्या काळात साक्षीदार कसा घाबरतो, मुदतीचा अर्ज खरा कोणता आणि वेळकाढू कोणता, नाजर आणि बेलीफ या कोर्टाच्या कर्मचाऱ्यांच्या हातून हुकुमाची बजावणी प्रत्यक्षात कशी होते, हे पाहा. तालुका विधी सेवा समितीबरोबर बार जी शिबिरं घेते, त्यांना जा. गावच्या ग्रामपंचायतीत बसून वाटणीचा कायदा साध्या भाषेत सांगता आला, तर निकालपत्रही साध्या भाषेत लिहिता येईल. मध्यस्थीचं ४० तासांचं प्रशिक्षण पुढे केव्हा तरी कर, घाई नको.

आता बाई म्हणून दोन शब्द. १९२३ च्या कायद्यानं या देशात बायकांना वकिलीचा दरवाजा उघडला. त्याला शंभर वर्षं उलटून गेली, तरी अजून बहुतेक बारमध्ये कार्यकारिणीत बाईसाठी एक 'महिला प्रतिनिधी' पद असतं आणि तेवढ्यावर सगळे समाधान मानतात. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या बार असोसिएशनसाठी कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांना राखायचा आदेश झाला. हे खाली झिरपेपर्यंत थांबू नकोस. पाच-सहा वर्षांनी उभी राहशील तेव्हा खजिनदार किंवा सचिव पदाला राहा, जिथं हिशेब आणि इतिवृत्त हातात असतं. महिला वकिलांच्या खोलीला कडी नाही, स्वच्छतागृहात पाणी नाही, या गोष्टी निवेदनानं वर्षानुवर्षं हलत नाहीत. हिशेब ज्याच्याकडे असतो त्याच्या सहीनं एका आठवड्यात होतात.

निवडणुकीचं जे वाईट ऐकतेस ते खरं आहे. जेवणावळी होतात, फ्लेक्स लागतात, जातीवर पॅनेल बांधली जातात. त्यातल्या कुठल्याही जेवणाला जायचं नाही. मत मात्र द्यायचंच, आणि उमेदवाराला ग्रंथालयासाठी काय करणार ते विचारायचं. आपल्या बारमध्ये नागपूरच्या एआयआर या निकालसंग्रहाचे जुने खंड वाळवीनं जाणार होते. ते वाचले, ऑनलाइन निकालांची वर्गणी सुरू झाली आणि ई-फायलिंगसाठी स्कॅनर आला, तो असंच विचारत राहणाऱ्या पाच-सहा जणांमुळे. त्या स्कॅनरवर आज ज्युनिअर मुलं म्हाताऱ्या वकिलांची प्रकरणं चढवून देतात, आणि बदल्यात त्यांच्याकडून कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, तपासून घेतात. तुला टायपिंग चांगलं येतं. तुझ्याकडेही असे ज्येष्ठ येतील, त्यांना परत पाठवू नकोस.

अर्जाला सनदेची प्रत आणि दोन फोटो लागतील. सूचक म्हणून तुझ्या सिनिअरची सही घे. आपल्या गावच्या बारचीही सभासद राहायचं असेल तर राहा, मला आवडेल. पण मत एकाच ठिकाणी देता येतं, तेव्हा कुठं द्यायचं ते अर्ज भरतानाच ठरव आणि तसं लिहून दे. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची दोन वर्षांची मुदत चालू आहे, तिकडे दुर्लक्ष नको. वर्गणीची पावती फाइलला लाव. थकबाकी असली की मतदार यादीतून नाव जातं, आणि मग ऐन वेळी धावपळ होते.

बाबा ठीक आहेत. दिवाळीच्या सुट्टीत कोर्टाच्या कामाची बॅग तिकडेच ठेवून ये.

तुझी,
आई