शब्द वावरातून उचल

प्रिय विलास,
स. न.

तुझं पत्र मिळालं. इंग्रजी शिकायला शब्दकोशातले रोज पन्नास शब्द पाठ करतोस म्हणे. थांब लेका! सुट्या शब्दाला धरायला काही नसतं, आठ दिवसांत तो निसटतो. रोज पाचच घे, पण तुझ्या हाताखालून जाणारे घे.

आता पेरणी तोंडावर आहे, तर सोयाबीनची बॅग समोर घे. टॅगवर ‘जर्मिनेशन’, म्हणजे उगवण, आणि किमान 70 टक्के असं छापलेलं असतं. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांड, गुंडाळी करून सावलीत ठेव, ओल टिकव, सहा-सात दिवसांनी मोज. 78 उगवले तर वहीत लिही : ‘सेव्हन्टी-एट सीड्स जर्मिनेटेड, ट्वेन्टी-टू फेल्ड टू जर्मिनेट.’ नाम टॅगवर होतं, क्रियापद गोणपाटावर सापडलं. आणि ‘फेल’ परीक्षेपुरतं नाही, हेही कळलं. मोटर सुरू झाली नाही, तरी ‘फेल्ड टू स्टार्ट’च.

फवारणीच्या डब्यावरचे रंग पाहा. हिरव्याला ‘कॉशन’, निळ्याला ‘डेंजर’, पिवळ्याला आणि लालला ‘पॉयझन’. आपण सगळ्याला ‘धोका’ म्हणून मोकळे होतो, पण ह्या चढत्या पायऱ्या आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. म्हणून हे शब्द तरी घरातल्या प्रत्येकाला आलेच पाहिजेत.

शब्द एकटा लिहू नको, त्याचा जोडीदार सोबत लिही. आपण खत देतो, म्हणून ‘गिव्ह फर्टिलायझर’ तोंडात येतं. इंग्रजीत ते ‘अप्लाय’ करतात. बी ‘सो’ करतात, कापूस ‘पिक’ करतात. आपल्या बोलीत मुरलेले इंग्रजी शब्द तर जास्त फसवतात. ‘लाईट गेली’ म्हणायचं असेल तर ‘द पॉवर वेन्ट आउट’. वावरातला ‘बोअर’ तिकडे ‘बोअरवेल’. नुसतं ‘बोअर’ म्हणजे कंटाळवाणा माणूस.

उजळणीत बहुतेकांचं चुकतं. वही नुसती वाचली की सगळं ओळखीचं वाटतं, बोलायची वेळ आली की आठवत नाही. म्हणून वाक्यातला तो शब्द बोटानं झाक आणि मोठ्यानं सांग. दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की विसरणं सुरुवातीलाच सर्वांत झपाट्यानं होतं. दुसरा दिवस त्यामुळे चुकवू नको, वावरातून कितीही थकून आलास तरी.

गोणपाटाचा आकडा आणि त्याखालची वाक्यं मला लिहून पाठव. काकूंना नमस्कार.

तुझाच,
सुधाकर