बिग कॅट आघाडीचा पुढचा महासंचालक: केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

इंटरनॅशनल बिग कॅट अलायन्सला, म्हणजे वाघ-सिंहांसारख्या मोठ्या मार्जारांच्या संवर्धनासाठी भारताच्या पुढाकाराने उभी राहिलेल्या आणि भारतात मुख्यालय असलेल्या अनेक देशांच्या आघाडीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2024 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा आघाडी आपल्या सदस्यसभेत स्वतःचा महासंचालक नेमेपर्यंत ही नेमणूक आपले मंत्रालय स्वतःच्या अधिकारात करील, अशी तरतूद त्या निर्णयात होती. नवी संस्था उभी करताना अशी सोय करावीच लागते आणि तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. सदस्य देश अजून जमायचे असताना जगभर जाहिरात देऊन वर्षभर वाट पाहणे परवडणारे नव्हते. हे पत्र पुढच्या नेमणुकीविषयी आहे. त्या सोयीची पद्धत होऊन बसू नये, आणि पुढचा महासंचालक खुल्या जाहिरातीतून, सर्व सदस्य देशांतील उमेदवारांमधून निवडला जावा, मग तो किंवा ती भारतीय नसली तरी चालेल, अशी माझी विनंती आहे.

यावर पहिला आक्षेप काय येईल, याची मला कल्पना आहे. घर आपले, 2023-24 ते 2027-28 या काळासाठीचे 150 कोटी रुपये आपले, 2022 च्या गणनेत मोजलेले 3,682 वाघ आपले, मग कारभारी बाहेरचा कशासाठी? आक्षेप अगदीच पोकळ नाही. व्याघ्र प्रकल्प 1973 पासून चालवणाऱ्या देशाकडे या विषयातला जो अनुभव आहे, तो सहसा कुठे सापडणार नाही. परंतु ही आघाडी एकट्या वाघाची नाही. वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, चित्ता, जग्वार आणि प्यूमा असे सात प्राणी तिच्या कक्षेत आहेत, आणि त्यांपैकी शेवटचे दोन भारताच्या जंगलात कधी नव्हतेच. त्यांच्या प्रदेशातला बहुतेक कारभार स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत चालतो, आणि दिल्लीतल्या कार्यालयात सकाळचे दहा वाजतात तेव्हा ब्राझीलच्या राजधानीत रात्रीचा दीड वाजलेला असतो. चित्त्याच्या बाबतीत तर आपण देणारे कमी आणि मागणारे जास्त आहोत. 1952 मध्ये आपल्याकडून नामशेष झाल्याचे जाहीर झालेला हा प्राणी सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाने आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेने दिला, म्हणून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात परत आला. ज्यांनी तो दिला, त्यांच्या माणसांना या खुर्चीसाठी अर्ज करण्याची वाट खुली असावी, ही अपेक्षा वावगी नाही.

यजमान देशाने खुर्चीचा आग्रह सोडल्याने त्याचे वजन घटते, असेही दिसत नाही. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेचे मुख्यालय अबू धाबीला आहे. तिच्या पहिल्या प्रमुख फ्रेंच होत्या, नंतर केनियाचे अदनान अमीन 2011 पासून 2019 पर्यंत होते आणि त्यांच्या जागी इटलीचे फ्रान्चेस्को ला कामेरा आले. काठमांडूच्या इसिमोडमध्ये, म्हणजे हिंदुकुश-हिमालयातील आठ देशांच्या संस्थेत, डेव्हिड मोल्डन या अमेरिकी तज्ज्ञानंतर भूतानचे माजी कृषिमंत्री पेमा ग्यामत्शो महासंचालक झाले. आपण स्वतः मात्र आंतरराष्ट्रीय सौर आघाडीत वेगळा पायंडा पाडला. तिचे पहिले महासंचालक उपेंद्र त्रिपाठी आणि दुसरे अजय माथुर, दोघेही भारतीय. दोघांच्या योग्यतेविषयी शंका नाही, पण बिग कॅट आघाडीची रचनाच सौर आघाडीच्या धर्तीवर केलेली असल्यामुळे तीच वाट पुन्हा तुडवली जाईल, ही भीती वाटते.

राष्ट्रीयत्वानुसार पाळी लावणे हा दुसरा मार्ग. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या पर्यावरण सहकार्य आयोगाच्या मूळ करारात, जो 1994 मध्ये लागू झाला, कार्यकारी संचालकाची मुदत तीन वर्षांची, एकदाच वाढवता येणारी, आणि पद तिन्ही देशांच्या नागरिकांकडे आळीपाळीने जाणारे, असे स्पष्ट लिहिले होते. तीन देशांत हे जमते. अनेक खंडांतील अनेक सदस्य असलेल्या आघाडीत पाळी लावली, तर एखाद्याचा नंबर लागेपर्यंत त्याच्या रानातला प्राणी शिल्लक राहील की नाही कोण जाणे. शिवाय ज्याची पाळी, त्याच्या मंत्र्याची पसंती, असा प्रकार होण्याचा धोका असतोच. त्याच कराराचे दुसरे एक कलम मात्र जसेच्या तसे उचलण्यासारखे आहे: संचालकाने आणि त्याच्या कर्मचाऱ्यांनी आयोगाच्या परिषदेबाहेरच्या, म्हणजे तिन्ही देशांच्या प्रतिनिधींच्या एकत्रित मंडळाबाहेरच्या, कोणत्याही सरकारकडून सूचना मागू नयेत आणि घेऊ नयेत. ज्या अधिकाऱ्याला उद्या आपल्याच मंत्रालयात किंवा केडरमध्ये परतायचे आहे, त्याला हे कलम पाळणे किती अवघड जाईल, हे आपल्याला सांगायला नको.

एका संस्थेच्या प्रमुखाची निवड करणाऱ्या समितीत मी काही वर्षांपूर्वी बसलो होतो. टेबलावर छापील प्रश्नावली होती आणि तिच्यातला प्रत्येक प्रश्न उमेदवाराने आजवर काय मिळवले, याविषयी होता. एका सदस्याने मध्येच विचारले, ‘वर्गणी थकवणाऱ्या सभासदाला तुम्ही पत्र कसे लिहाल?’ समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि ते काम लेखा विभाग करील, असे उत्तर दिले. आम्ही त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन निवडले, आणि दोन वर्षांनी संस्थेत नेमका वर्गणीवरूनच पेच पडला. चूक आमची होती. प्रश्न योग्य होता, पण गुणपत्रिकेत त्याला रकानाच नव्हता.

आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमुखाला हुकूम सोडता येत नाही. त्याला फक्त माणसे एकत्र बसवता येतात. हिमबिबट्या बारा देशांत आढळतो आणि त्यांत भारत, चीन व पाकिस्तान तिघेही आहेत. ते सर्व उद्या सदस्य होवोत वा न होवोत, अवैध शिकारीची माहिती हवी असेल तर महासंचालकाला या तिन्ही राजधान्यांत फोन लावता आला पाहिजे आणि तिकडून तो उचललाही गेला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात मुस्तफा टोल्बा यांनी हे करून दाखवले. 1975 ते 1992 अशी दीर्घ कारकीर्द लाभलेल्या या इजिप्शियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ओझोनच्या वाटाघाटींत प्रमुख प्रतिनिधींना छोट्या गटांत, दार लावून बोलायला बसवले आणि 16 सप्टेंबर 1987 रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. त्याच खुर्चीत पुढे एरिक सोल्हेम आले. 668 दिवसांपैकी 529 दिवस ते मुख्यालयाबाहेर होते, असे लेखापरीक्षणात निघाले आणि नोव्हेंबर 2018 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. नॉर्वेचे माजी पर्यावरण मंत्री असलेल्या सोल्हेम यांच्या कागदावरच्या पात्रतेत उणे काढायला जागा नव्हती.

म्हणून जाहिरातीचा मसुदा करताना ‘दूरदृष्टी’ आणि ‘गतिशील नेतृत्व’ हे शब्द जरा बाजूला ठेवावेत आणि त्या व्यक्तीला प्रत्यक्षात काय करावे लागेल ते लिहावे. भारताचे साहाय्य 2027-28 ला संपते. त्यानंतरचा पैसा ती कुठून आणणार, हा मुलाखतीतला पहिला प्रश्न असावा. वर्षातले किती दिवस कार्यालयात आणि किती दौऱ्यावर, याची मर्यादा करारातच घालावी. जाहिरात इंग्रजीबरोबर स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच भाषांतही निघावी. निवड समितीत यजमान देशाचा एकच प्रतिनिधी असावा, आणि जग्वार-प्यूमांच्या प्रदेशातून निदान एक सदस्य असावा.

सदस्यसभेचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे, त्यामुळे हा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवण्यासाठी आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घ्यावा आणि बैठकीपूर्वी जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
वन्यजीव संवर्धनाच्या कामाशी जोडलेला एक नागरिक