मळा विकला नाही, त्याविषयी

सासवडजवळ, मळ्यावरून
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र दादाच्या हाती पाठवत आहे, कारण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणतात, आईशी बोलताना मी जेवणखाणाच्या गोष्टींत रमते आणि जे सांगायचे ते गेले दोन महिने राहूनच जात आहे. म्हणून आधी तेच लिहिते. मळा मी विकलेला नाही. बाबा, भाद्रपदात तुम्ही माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलेत. सही करताना तुमचा हात कापत होता आणि सही झाल्यावर तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होतात. त्या कागदाचा मी एकदाही उपयोग केला नाही. त्या हडपसरच्या गृहस्थांना मी दसऱ्याच्या आधीच नकार कळवला, त्यांच्याकडून विसार घेतलाच नव्हता, आणि दिवाळीनंतर नोकरीचा राजीनामा देऊन मी इथे राहायला आले आहे. "कागद पाहणे चालू आहे" असे मी तुम्हाला सांगत राहिले, ते खोटे होते. त्याची मला लाज वाटते आणि त्याबद्दल मी तुमची दोघांची क्षमा मागते. कुलमुखत्यारपत्राची मूळ प्रत सोबत परत पाठवली आहे. सातबारा तुमच्या नावावर आहे, आणि हे सगळे वाचूनही तुम्हाला विकायचेच असेल तर मी आडवी येणार नाही. पण आधी पूर्ण वाचा.

पोरीने आमच्यापायी चांगली नोकरी सोडली, असे कृपा करून मनात आणू नका. बावीस वर्षे मी काचेच्या इमारतीत बसून काम केले आणि त्यातली निदान दहा वर्षे शनिवारी सकाळी दिवे घाट चढताना मला मोकळा श्वास घेता येत असे. घराचे कर्ज मार्चमध्ये फिटले. तुमच्या नातवाच्या उरलेल्या दोन वर्षांच्या फीचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत. तुमच्या जावयांची नोकरी चालू आहे, ते शुक्रवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे जातात, आणि "तू तिथे गेल्यापासून रात्री झोपतेस तरी" असे त्यांनीच मला सांगितले. मळ्याचा हिशेबही मी तुमच्याच वहीत पुढे लिहिला आहे: अंजीर, सीताफळ, पाहुण्यांना मळा दाखवायचे मळाफेरीचे रविवार आणि आईच्या गोधड्या असे चार रकाने. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणीसाठीही अर्ज केला आहे. दादाने पाहिला तेव्हा वर्षभराचा खर्च भागून थोडे उरेल, असेच त्याचे मत पडले. थोडेच उरेल, हे मला ठाऊक आहे.

आता जे लिहिताना पेन तीनदा खाली ठेवले, ते लिहिते. मळा राहिला, म्हणून तुम्ही दोघांनी पुन्हा इथे राहायला यायचे नाही. श्रावणातली ती रात्र मी विसरू शकत नाही. वीज गेलेली, बाबांच्या कपाळावर घाम, आई एका हाताने त्यांची छाती चोळते आहे आणि दुसऱ्या हाताने बॅटरी धरून आहे, आणि घाटात मालट्रकांच्या रांगेमागे आपली गाडी अडकलेली. डॉक्टरांनी नंतर सांगितले की आणखी उशीर झाला असता तर हृदयाच्या स्नायूला कायमची इजा झाली असती. दादा-वहिनीच्या कोथरूडच्या घरापासून दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. त्या दहा मिनिटांसाठी मी तुमचे घर तुमच्यापासून तोडते आहे असे तुम्हाला वाटेल, आणि मलाही रात्री तसेच वाटते, पण माझा विचार बदलणार नाही. तुम्ही इथे यायचे ते दिवसा आणि थंडी ओसरल्यावर मुक्कामालाही, मात्र दादाची गाडी दाराशी उभी असताना.

तुम्ही नसताना इथे काय चालले आहे ते सविस्तर लिहिते, म्हणजे बाबांना झोप लागेल. अंजिरांची छाटणी तुमच्या पद्धतीने आश्विनातच करून घेतली. उन्हाळी फळांचा मीठा बहार धरला आहे, आणि पाणी सोडल्यावर फुटवे जोमदार आले. पावसाळी हवा गेल्यामुळे तांबेराही आटोक्यात आहे. फेब्रुवारीअखेरीस पहिली फळे येतील असा तात्यांचा अंदाज आहे. सीताफळाचा हंगाम कार्तिकात संपला. जाधववाडीच्या अंजीर-सीताफळ संशोधन केंद्रातून तुम्ही आणलेल्या 'फुले पुरंदर'च्या कलमांना या वर्षी सगळ्यांत मोठी फळे आली. त्यांतली पहिली दोन खंडोबाला पाठवली, आणि तिसरे फळ तुम्हाला दादाने दिले ते हेच होते. ते बाजारातले आहे असे त्याने माझ्या सांगण्यावरून सांगितले, त्याला रागावू नका.

एक गोष्ट मात्र आहे. विहिरीकडच्या ओळीतली अंजिराची अकरा झाडे काढावी लागली. पाने पिवळी पडत होती हे तुम्ही गेल्या वर्षीच म्हणाला होतात. खणून पाहिले तर मुळांवर गाठीच गाठी होत्या, सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या त्या दोऱ्यासारख्या बारीक कृमींच्या. आजोबांनी लावलेल्या खुंटांवरून तुम्ही वाढवलेली ती झाडे होती, त्यामुळे कुऱ्हाड लागली त्या दिवशी मी तिथे उभी राहू शकले नाही. पण बाबा, हा रोग मुळांत असतो, फांदीत नसतो. म्हणून छाटणीच्या वेळी त्याच झाडांच्या निरोगी, पक्व फांद्यांची साठ छाट कलमे मी स्वच्छ माती भरलेल्या पिशव्यांत लावून ठेवली होती. त्यांतली एक्केचाळीस फुटली आहेत. रिकाम्या ओळीत तूर्त अंजीर लावणार नाही. तिथे झेंडू लावतो आहोत, कारण झेंडूच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी हे सूत्रकृमी कमी होतात. कलमे मोठी झाली की पश्चिमेच्या बांधाजवळच्या नव्या जागेत जातील. ती नेमकी कुठे आणि किती अंतरावर लावायची, हे तुम्ही येऊन सांगायचे आहे. तोवर मी एकही खड्डा घेणार नाही.

मळाफेरीचे रविवार बंद करावेत असा मला आग्रह झाला होता, आणि खरे सांगायचे तर पहिल्या आठवड्यात मलाही ते झेपणार नाही असे वाटले. पण तुम्ही सुरू केलेली ही फेरी नसती तर मळा म्हणजे केवळ सव्वातीन एकर जमीन झाली असती. पौषात हुरड्याने सुरुवात करतो आहे. गूळभेंडी ज्वारी वेळेवर पेरली होती, कणसे आता भरू लागली आहेत, आणि गोवऱ्या तुम्ही रचलेल्या त्याच उडवीतून काढणार आहोत. कणसे भाजायची आगटी तात्याच करतील. कणीस तळहातावर चोळून गरम दाणे पाखडून द्यायचे काम या वर्षी मी शिकले. दोन्ही तळवे भाजले, पण आता जमते. सोबत लसणाची आणि शेंगदाण्याची चटणी, कवडी दही, गूळ, बोरे. एका वेळी चाळीसच माणसे घेणार, त्याहून एकही जास्त नाही, हा तुमचाच नियम. शेततळ्याभोवती जाळीचे कुंपण पुरे केले, आणि येणाऱ्या बायकांसाठी दोन स्वच्छ न्हाणीघरे बांधली.

फाल्गुनात पळस फुलला की रंगांचा रविवार होईल. त्यासाठी आई, तू लिहून ठेवलेली चिठ्ठी मला पिठाच्या डब्यामागे सापडली. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, मग तुरटीत, मग डाळिंबाच्या सालांच्या रंगात, आणि त्यातच किंचित हिराकस घातला की पिवळ्याचा शेवाळी होतो. मी गेल्या आठवड्यात पाच रुमाल करून पाहिले. एकाचा रंग तुझ्या जुन्या शेवाळी लुगड्याशी इतका जुळला की तो मी उशाशी ठेवला आहे. गोधड्यांचे काम वस्तीवरच्या मावशींनी थांबू दिलेले नाही. त्या दुपारी ओसरीवर बसतात, कडेपासून आत आत धावदोरा घालत जातात, आणि प्रत्येक गोधडीचे पैसे तिच्या तिच्या हातात द्यायचे ही तुझी पद्धत मी मोडलेली नाही. त्यांचे एकच म्हणणे आहे, "ताई, बाईंशिवाय टाके सरळ येत नाहीत." तू शाडूच्या गणपतीच्या रविवारी तरी यावेस आणि आश्विनात भोंडल्याला हत्तीभोवती पहिला फेर तूच धरावास, असे त्यांनी मला बजावून सांगितले आहे. ज्येष्ठात माउलींची पालखी सासवडला मुक्कामाला आली की वारकऱ्यांसाठी ओसरी मोकळी राहील, दिंडीच्या प्रमुखांना मी तसा निरोप दिला आहे.

मला इथे काही कमी आहे अशी काळजी करू नका. आंघोळीला बंबाचे गरम पाणी आहे, रात्री मावशींची लेक सोबतीला झोपते, अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीने मी कुंपणाबाहेर जात नाही, आणि पुरंदरच्या नव्या विमानतळासाठी अधिसूचित झालेल्या सात गावांत आपले गाव नाही हे मी स्वतः खात्री करून घेतले आहे. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, रात्री मुगाची खिचडी. आई, तूप मी खाते, खरेच खाते.

परवा पहाटे फार गार होते आणि मी कपाटातली ती निळ्या काठांची गोधडी काढली. तिला अजून तुझ्या साडीचा आणि वेखंडाचा वास आहे. मी सात-आठ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत अंजिराच्या चिकाने माझे हात सोलवटून निघाले होते. बाबांनी मला मांडीवर घेऊन एकेका बोटाला खोबरेल तेल लावले होते आणि गोष्ट सांगितली होती, की अंजीर हे वरून फळ दिसते पण आत सगळी फुलेच असतात, ती लाजून आत वळलेली आहेत. बाबा, मळाफेरीला येणाऱ्या मुलांना मी तीच गोष्ट सांगणार आहे. त्यांच्या आया हमखास विचारतात की फळात कीटक असतो का, तेव्हा आपल्या पुना अंजिराला फळ धरण्यासाठी कीटक लागतच नाही, हे तुमचे उत्तरही पाठ आहे. पण ते तुमच्या तोंडून ऐकलेले मुलांना जास्त पटेल.

आता नीट ऐका. बाबा, रक्त पातळ ठेवण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही दिवस बंद करायची नाही, दात काढायचा असला तरीही आधी त्यांना विचारायचे. सकाळचे फिरणे ऊन पडल्यावर, कानटोपी घालून, आणि गल्लीच्या टोकापर्यंतच. छातीत दडपल्यासारखे वाटले तर "गॅस असेल" म्हणून ओवा चावत बसायचे नाही. आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचे नाही, वहिनीला सांगायचे. ती दहा वेळा विचारते आणि तू दहा वेळा "काही नको" म्हणतेस, त्याने तिला परके वाटते. तुझी साखर सोमवारी उपाशीपोटी तपासायची आहे, मी दादाला सांगितले आहे, चुकवायचे नाही. आणि वहिनीच्या घरी दूध सांडले किंवा पातेले जागेवर नसले, तर एक वर्षभर काहीही बोलू नकोस. तू वाईट अर्थाने बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे, तरीही.

पौषातल्या दुसऱ्या रविवारी दादा तुम्हाला घेऊन येईल. सकाळी आठला निघा, ऊन चढायच्या आत पोहोचाल. हडपसरवरून दिव्याच्याच घाटाने या, बोपदेवचा चढ बाबांना नको. बाबांची वेताची खुर्ची मी ओसरीवर पूर्वीच्याच जागी ठेवली आहे आणि पाहुण्यांना तिच्यावर बसू देत नाही. तुम्ही रागावून आलात तरी चालेल. रागावून माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, तात्यांशी बोला, कलमे पाहा, खड्ड्यांची जागा काठीने आखून द्या, आणि चारच्या आत परत निघा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, गोधडीची मोठी सुई आणि जाड दोऱ्याची दोन रिळे तुझ्या कोथरूडच्या शिवणाच्या डब्यात राहिली आहेत. येताना आठवणीने घेऊन ये, इथे मावशींचे काम अडले आहे.