थीसिसचे जंतू जपून ठेवा

महोदय,

इंदूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात मी ३१ वर्षे टेक्निशियन होतो. एमडी करणारी मुलं थीसिसच्या कामाला माझ्याच टेबलाशी बसायची. म्हणून कळकळीने सांगतो, थीसिससाठी वेगळे केलेले जंतू काम झालं की टाकून देऊ नका.

आमच्या एका रेसिडेंट मुलीचा विषय होता लघवीतल्या ई. कोलाय या जंतूवर कोणती अँटिबायोटिकं चालतात हा. एका सकाळी पट्टीने झोन, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, मोजता मोजता ती थांबली. "काका, कंट्रोलचा जेंटामायसिनचा झोन १६च येतोय." कंट्रोल म्हणजे एटीसीसी २५९२२, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असा ई. कोलाय. त्याचा झोन १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यायलाच हवा. त्याच खेपेची कोरी प्लेट कापून पाहिली, तर अगारचा, म्हणजे ज्यावर जंतू वाढवतात त्या जेलीचा, थर ४ मिलिमीटरऐवजी जवळजवळ ६. थर जाड झाला की झोन आखडतो, आणि औषधाला दाद देणारा जंतूही दाद न देणारा दिसू शकतो. प्लेटा ओतल्या होत्या आम्हीच. जुना कंट्रोल मेला होता, नवा त्याच आठवड्यात आला होता. म्हणजे कंट्रोलविना गेलेल्या आधीच्या तीन आठवड्यांची मापंही संशयात. पुन्हा लावून बघावीत, तर ते जंतू केव्हाच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, गेलेले. पोरगी रडवेली झाली. तरी तिने त्या सगळ्या नोंदी वगळल्या आणि नव्याने नमुने जमवले. मला तिचा आजही अभिमान वाटतो. पण थीसिस जमा करायला महिनाच उरला असता, तर?

एमडीच्या मुलांना आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो. तो हवाच. पण जंतू जपायची सवय प्रयोगशाळेतच लागते. ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) १५ ते २० टक्के ग्लिसरॉल, छोट्या व्हायल म्हणजे कुप्या, वर न पुसणाऱ्या पेनने नंबर आणि तारीख, आणि उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर. फ्रीझर महाग असतो खरा, पण करोनाच्या तपासण्यांमुळे बऱ्याच महाविद्यालयांत तो आलेला आहे.

व्हायलचा डबा आणि त्याची यादी विभागात जमा झाल्याशिवाय गाइडनी थीसिसवर सही करू नये, आणि तो डबा निदान पाच वर्षे ठेवावा. मुलांना व्हायल भरायला शिकवायचं असेल तर मी इंदुरात कुठेही यायला तयार आहे, मानधन नको.

एक निवृत्त टेक्निशियन,
सुदामानगर, इंदूर