आधी सांधा बघायला शिकवणाऱ्या अण्णांस

तीर्थस्वरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

समोर बसून आभार मानले असते तर "चहा घे नि गप बस" म्हणाला असतात, म्हणून हे पत्र. ते चारचौघांत लिहिण्याचं कारण असं, की यंदा आसपासचे नर्सरीवाले मला चाकू दाखवायला येतायत. मी मोठ्या ऐटीत त्यांचा चाकू उजेडाला धरतो, कान लावतो, घरातून काच मागवतो. ही विद्या मुळात कुणाची, हे सगळ्यांना कळलेलं बरं.

ज्यांना आपली ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची नर्सरी आहे. पाऊस लागला की कोय कलमांचं काम सुरू होतं. कोयीतून नुकतं उगवलेलं, पानं अजून तांबूस असलेलं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा छाटून दांड्यात मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला दोन बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायची. हे काम करणाऱ्या बायकांच्या हातात सकाळपासून संध्याकाळपर्यंत घडीचा चाकू असतो. अण्णा आमच्याच वाडीतले. त्यांची सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडकडे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि पकडी बनवणाऱ्या विभागात, डाय आणि फिक्श्चर घडवण्यात गेली. निवृत्त होऊन घरी आले तरी नजर अजून मिलिमीटरच्या शंभराव्या भागातच मोजते.

कामाला चाकू घ्यायचे होते, म्हणून नमुने घेऊन मी तुमच्या ओटीवर आलो होतो. एक स्विस, भाच्यानं पाठवलेला. एक फ्रेंच, लाकडी मुठीचा. बाकीचे बाजारातले, आणि त्यांतल्या काहींच्या पात्यावर स्टीलचा नंबर ठसठशीत कोरलेला. मी विचारलं, यात स्टील कुठलं चांगलं? तुम्ही नंबराकडे पाहिलंसुद्धा नाही. "नंबर कोरायला काय लागतं मेल्या? पाणी कसं दिलंय ते कोरतात काय?" पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करणं. एवढं म्हणून सगळे चाकू मिटूनच समोर ओळीत मांडलेत. "पातं मागनं. आधी सांधा बघ." सांधा म्हणजे पातं मुठीत ज्या खिळ्यावर फिरतं ती जागा.

कलमं बांधणाऱ्याला हे पटायला खरं तर वेळ लागू नये. पाचरीचा काप एका ओढीत, सपाट निघायला हवा. पातं खिळ्याशी केसभर जरी हललं तरी टोकाशी तो हिसका वाढलेला असतो आणि काप लाटेसारखा येतो. मग सालीखालचा हिरवा थर काडीचा आणि रोपाचा एकमेकांना लागत नाही, मधल्या फटीत पाणी शिरतं आणि कलम काळं पडतं. आपण दोष देतो काडीला, पावसाला, बांधणाऱ्या बाईच्या हाताला. सांध्यातला ढिलेपणा थेट कलमात उतरतो, हे मला इतक्या उघडपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं.

तुमची तपासणी मिटलेल्या चाकूपासून सुरू झाली. पाठीची स्प्रिंग आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे यांच्या मधून आभाळाचा उजेड दिसतो का ते तुम्ही पाहिलंत. चांगल्या चाकूत तिथे काळोख असतो. उजेडाची रेघ दिसली की समजायचं, पत्रे नीट घासून जुळवलेले नाहीत, नुसतेच खिळे ठोकून आवळलेत. आमच्याकडे त्या फटीत पहिल्यांदा जातो चीक, मग माती, मग पाणी. गंज आतून सुरू होतो आणि बाहेरून चाकू नवा दिसत राहतो. मग चाकू उलटा धरून पातं दोन्ही पत्र्यांच्या बरोबर मधोमध बसलंय का ते बघायचं. एकीकडे झुकलेलं पातं उघडता-मिटताना पत्र्याला घासतं, आणि ती घासण पितळेवर चकचकीत ओरखड्याच्या रूपानं दिसते. वापरलेल्या चाकूत हा ओरखडा शोधायला मला आता मजा येते.

पाठीवरून नख फिरवायची युक्ती मी सगळ्यांना दाखवतो. चाकू मिटलेला असताना एकदा आणि पूर्ण उघडल्यावर एकदा, स्प्रिंगची पाठ बाजूच्या पत्र्यांशी सपाट हवी. बऱ्याच चाकूंत एका स्थितीत ती जुळते आणि दुसऱ्या स्थितीत खाली जाते किंवा वर येते. दोन्हीकडे नख कुठेच अडकलं नाही, तर पात्याचं बूड, म्हणजे खिळ्याजवळचा मुठीत राहणारा भाग, कुणीतरी वेळ देऊन घासलंय. ते बूड एरवी कुणाला दिसतही नाही. म्हणूनच तिथे कारागीर प्रामाणिक होता की नाही हे कळतं, असं तुम्ही म्हणालात.

मग प्ले, म्हणजे सांध्यातली ढिली हालचाल. मी पातं मुळाशी धरून हलवून बघत होतो. तुम्ही माझी बोटं टोकाकडे सरकवलीत, धारेला न लागता, दोन्ही बाजूंच्या सपाटीवर. लांबून हलवलं की खोट लपत नाही. आधी आडवा प्ले, मग उभा. आडव्याला इलाज असतो: स्क्रू असेल तर आवळायचा, खिळा असेल तर जाणत्यानं हलक्या हातोडीनं बसवायचा. उभा प्ले मात्र खटक्याच्या (उघडं पातं अडकवून धरणाऱ्या भागाच्या) आणि बुडाच्या मापातच असतो. तो ओटीवर बसून जात नाही. "उभा हलला तर दुकानदाराला परत," एवढाच तुमचा निकाल. यात पाठीवर खटका असलेल्या चाकूंना तुम्ही थोडी सूट दिलीत, कारण त्यांत किंचित उभी हालचाल कधीकधी निघतेच. पण ती सूट हातात रोप धरून काम करणाऱ्यांसाठी नाही, हेही लगेच बजावलंत.

कागदाची परीक्षा तर मी आता पाहुण्यांनाही दाखवतो. मुठीच्या खाचेत तळाशी पातळ कागदाची पट्टी ठेवायची, चाकू मिटायचा, वरून पातं थोडं दाबायचं आणि पट्टी काढून बघायची. कापली गेली असेल तर मिटताना धार स्प्रिंगवर आपटते. अशा चाकूला सकाळी कितीही धार लावा, मिटला की त्याच एका जागी ती मोडणार. आमच्या एका काकी कित्येक दिवस तक्रार करत होत्या की चाकू मध्येच अडखळतो. भिंगातून पाहिलं तर पात्याच्या पोटावर बारीक दात पडलेला. धार लावणाऱ्याला आम्ही उगाच बोल लावला होता.

आवाजाचं मात्र मला अजून पूर्ण जमलेलं नाही. खिशातल्या साध्या चाकूला खटका नसतो, स्प्रिंगच्या दाबावर पातं उघडं राहतं. ते उघडताना शेवटी स्वच्छ "टक" यायला हवा आणि मिटताना पातं आपण होऊन आत ओढलं जायला हवं. तुम्ही डोळे मिटून सांगत होतात, हा कोरडा आहे, ह्यात कचरा आहे, ह्याची स्प्रिंग मऊ. मला तीनही सारखेच वाटले.

त्या स्विस चाकूवर तुम्ही बराच वेळ रमलात, ते मला आवडलं. कार्ल एल्सेनर यानं 1884 मध्ये श्वित्स परगण्यातल्या इबाख गावी कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. त्या शेवटच्या चाकूतली करामत म्हणजे एकाच स्प्रिंगवर दोन्ही अंगांनी अवजारं बसवणं. तुम्ही हे काही वाचलेलं नव्हतं, नुसता उघडमीट करून म्हणालात, "ज्यानं ही स्प्रिंग आखली तो आमच्या धंद्यातला." त्याचं पातं फार कडक नाही, कंपनी 56 रॉकवेल सांगते (रॉकवेल हे कडकपणाचं माप). पण दहा चाकू उचलले तर दहाही सारखे लागतील हा भरवसा तुम्हाला कडकपणापेक्षा मोलाचा वाटला. मलाही वाटतो. रोज धार लावणाऱ्याला थोडं मऊ पातं सोयीचंच.

खटक्याच्या चाकूंकडे मात्र तुम्ही संशयानं बघता. त्यात हिंदी सिनेमातल्या रामपुरीचा वाटा किती आणि टूलरूमचा किती, देव जाणे. तरी तपासायचं कसं ते नीट दाखवलंत. पत्र्याचाच एक भाग आत वळून पात्याच्या बुडाला टेकू देतो, तो प्रकार मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला. त्यात टेकू बुडाच्या कितव्या भागावर बसतो ते बघायचं. नवा असतानाच तो पार पलीकडच्या कडेला पोचला असेल तर झिजायला जागाच उरली नाही. जेमतेम कडेवर टेकला असेल तर घसरायची भीती. साधारण पाव ते निम्म्या रुंदीपर्यंत हवा आणि पूर्ण सपाटीनं टेकलेला हवा. आमची पोरं असा चाकू उघडून त्याची पाठ फळीवर आपटून बघत होती, तेव्हा तुम्ही ओरडलात. जो मार कामात कधी बसणारच नाही तो देऊन चांगला खटका बिघडवायचा कशाला? जाड हातमोजा घालून पाठीवर हळूहळू दाब वाढवायचा, एवढं पुरतं.

पात्याची पाळी सर्वांत शेवटी आली. कलमाच्या चाकूचा उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू तुम्ही खिडकीच्या काचेवर ठेवलीत आणि खालून उजेड येतो का पाहिलंत. नमुन्यांतला एक, दिसायला सर्वांत देखणा, मधोमध पोकळ निघाला. साध्या चाकूत समोरून टोकाकडे बघायचं: दोन्ही बाजूंचे उतार सारख्या उंचीवर संपतात का, धारेची पट्टी मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीची आहे का. आणि धारेजवळ निळसर झाक दिसली तर चाकू खाली ठेवायचा. साधं कार्बन पोलाद तीनशे अंशांच्या आसपास निळं होतं. म्हणजे घासताना ते तापलं आणि दिलेलं पाणी उतरलं. नंबर कुठलाही कोरलेला असो.

मुठीबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. खिळ्यांची डोकी बोटाला लागू नयेत, लाकूड आणि धातूच्या जोडात नख अडकू नये, संपलं.

एका बाबतीत आपलं जमलेलं नाही आणि ते इथे लिहून ठेवतो. तुमचा जीव कार्बन पोलादावर. धार सुरेख येते, दगडावर लवकर लागते, सगळं मान्य. पण आंब्याचा चीक आंबट असतो, त्यात आमचा पाऊस. दुपारच्या जेवणाला चाकू बाजूला ठेवला की उठेपर्यंत पातं काळं. मी बायकांसाठी स्टेनलेसच घेतले आणि पुढेही घेणार. तुम्ही हसलात, पण नाही म्हणाला नाहीत.

फ्रेंच चाकूचं तुमचं भाकीत मात्र खरं ठरलं. ओपिनेल हे सव्हॉयच्या डोंगराळ मुलखातलं घराणं, 1890 पासून हा चाकू बनवतं. उघड्या पात्याला जागच्या जागी धरणारी फिरती कडी 1955 ची. रचना इतकी साधी की तुम्हाला त्यात काढायला खोड सापडेना. शेवटी म्हणालात, "बीचचं लाकूड आहे ना? मिरग लागला की कळेल." लाकडानं दमट हवेचं पाणी ओढलं आणि पातं मुठीत आवळलं गेलं. त्यांच्याकडेही हे होतं. तिथले लोक मुठीचं बूड कठीण जागेवर आपटतात, पातं नख लावण्याइतकं वर येतं. मी तेच करतो. तो चाकू आता घरात फणसाचे गरे सोडवायला ठेवलाय, शेतावर नेत नाही.

सांध्यात खोबरेल घालायचं बंद केलं, हेही सांगायचं होतं. ते थंडीत थिजतं, धूळ धरून बसतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही चाकू साबणाच्या कोमट पाण्यात उघडमीट करून धुऊन, पूर्ण वाळवून मग. बायकांनी हे इतकं मनावर घेतलंय की शनिवारी काम सुटायच्या आधी सगळ्या ओळीनं चाकू धुवायला बसतात. एकीनं तर नवऱ्याचा कोयता सोडून स्वतःच्या चाकूला आधी तेल घातलं, त्यावरून घरात वाद झाला म्हणे.

परवा नवी पेटी आलीय. मी उजेड, नख, कागद, काच हे सगळं करून त्यांतले चार बाजूला काढलेत. तिघांत उभा प्ले आहे, त्याबद्दल शंका नाही. चौथ्याची स्प्रिंग मला मऊ वाटते, पण माझ्या कानावर माझा विश्वास नाही. परत पाठवण्याआधी तुम्ही एकदा उघडून बघा. मी आणून देतो, तुम्ही गुडघ्याचं दुखणं घेऊन चढाव चढू नका. आणि तुमचं फीलर गेज, ते फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं, माझ्याकडेच राहिलंय, तेही आणतो.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
वरच्या वाडीतला नर्सरीवाला